आधी कुणाला दाखवायचं?

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्ही चौघांनी मिळून अकरा मिनिटांचा एक माहितीपट केला होता. सिंधुदुर्गातल्या एका खाडीत छोटंसं बेट आहे. तिकडे अशा बेटाला जुवा म्हणतात. त्या जुव्यावरून पोरांना शाळेत, बायकांना बाजारात आणि आजाऱ्यांना दवाखान्यात होडीनं पोचवणारे एक काका, हा आमचा विषय. पाच दिवस आम्ही त्यांच्याच घरी राहिलो. सकाळी पेज, दुपारी माशाची कढी आणि भात. शूटिंग सुरू करण्याआधी काकांनी राखणदारापुढे नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं : पोरं लांबून आली आहेत, सांभाळून घे. शेवटच्या दिवशी आम्हाला पलीकडे सोडताना त्यांनी विचारलं, "आमका कधी दाखवतल्यात?"

"एडिट झालं की लगेच," मी म्हणाले.

एडिट झालं. एका स्पर्धेत तिसरं बक्षीस मिळालं. सात हजार रुपये आले, ते चौघांनी वाटून घेतले. फिल्म पुण्यात दाखवली, मुंबईत दाखवली, एका ऑनलाइन महोत्सवातही लागली. जुव्यावर मात्र कधीच दाखवली नाही. तसं आम्ही ठरवलं नव्हतं. ठरवलं असतं, तर निदान कुणीतरी त्यावर वाद तरी घातला असता. आमच्या डोक्यात तो प्रश्नच आला नाही. प्रेक्षक म्हणजे शहरात खुर्च्यांवर बसलेली माणसं, हे आम्ही इतकं गृहीत धरलं होतं.

हे सगळं मला आठवलं ते गेल्या पावसाळ्यात, जगाच्या दुसऱ्या टोकाच्या बेटांवरच्या फिल्म्स बघताना. सुरुवात झाली 'मेराटा' या २०१८ च्या माहितीपटापासून. मेराटा मिटा ही न्यूझीलंडची माओरी दिग्दर्शिका. १९८८ साली तिनं 'माउरी' केला. एका माओरी स्त्रीनं एकटीनं लिहिलेला आणि दिग्दर्शित केलेला तो पहिला कथापट. २०१० साली ती गेली, आणि पुढे तिच्या मुलानं, हेपेरी मिटानं, आईवर ही फिल्म केली. ती बघून मी तिच्या इतर फिल्म्स शोधू लागले, मग तिच्या पिढीतल्या इतरांच्या. आणि शोधता शोधता मला फिल्म्सइतकंच दुसऱ्या एका गोष्टीनं धरून ठेवलं : या फिल्म्स कुठे दाखवल्या जातात, आणि आधी कुणाला.

'मराए' हा शब्द इथे समजून घ्यावा लागेल. मराए म्हणजे माओरी समूहाची एकत्र यायची जागा. समोर मोकळं अंगण, मागे सभाघर. लग्न, मयत, भांडणतंटा, जमिनीची चर्चा, सगळं तिथंच. पाहुणा आला तर तो थेट आत शिरत नाही. यजमान बायका हाक घालतात, मग तो पुढे येतो; दोन्हीकडची भाषणं होतात, नाकाला नाक लावून भेट होते आणि शेवटी जेवण. सभाघराच्या भिंतींवर गेलेल्यांचे फोटो असतात, आणि बोलणारा माणूस जिवंतांबरोबर त्यांनाही उद्देशून बोलतो. आता अशा जागेत पडदा लावल्याची कल्पना करा. उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर वाइरोआ भागात २००५ पासून माओरी चित्रपट महोत्सव सुरू झाला, त्याचे खेळ नुहाका गावातल्या मराएवर झाले आहेत. ओताकी नावाच्या छोट्या शहरात २०१४ पासून 'माओरीलँड' महोत्सव भरतो. पॅसिफिकच्या बेटांवरच्या आणि इतर देशांतल्या मूलनिवासींच्या फिल्म्स तिथं लागतात. तिथं बघणारा माणूस तिकीट काढून अंधारात हरवून जात नाही. शेजारी कोण बसलंय ते त्याला माहीत असतं. पडद्यावरचं माणूस कधी कधी त्याच्या नात्यातलं असतं.

नुसती पद्धत वेगळी, असं म्हणून हे सोडून देता येईल. पण मला त्यात एक नैतिक प्रश्न दिसतो. ज्यांच्या आयुष्यावर फिल्म होते, त्यांचा ती बघण्यावर पहिला हक्क असतो का? की कलाकृती एकदा झाली की ती साऱ्या जगाची?

या प्रश्नाला मोठा इतिहास आहे. १९२३ साली रॉबर्ट फ्लाहर्टी हा अमेरिकन दिग्दर्शक सामोआच्या सवाई बेटावरच्या साफुने गावात कुटुंबासह राहायला गेला. तिथं त्यानं केलेला 'मोआना' १९२६ साली आला. त्यावर लिहिताना जॉन ग्रिअरसननं 'डॉक्युमेंटरी' हा शब्द वापरला आणि पुढे तो या प्रकारच्या फिल्म्सना चिकटला. म्हणजे माहितीपटाच्या नावाचं बारसंच एका बेटावरच्या फिल्मवरून झालं. गंमत अशी, की तोवर तिथले लोक मिशनऱ्यांनी आणलेलं कापड वापरू लागले होते. फ्लाहर्टीनं त्यांना सालीपासून केलेली जुनी वस्त्रं नेसायला लावली. पडद्यावरचं कुटुंबही निवडून जुळवलेलं होतं. फ्लाहर्टी दुष्ट नव्हता. त्याचं त्या माणसांवर प्रेम होतं, ते फिल्ममध्ये दिसतं. पण तो ती फिल्म ज्यांच्यासाठी करत होता, ते लोक अमेरिकेत थिएटरात बसलेले होते. जे बघणार, त्यांच्या डोळ्यांना हवं तसं बेट त्यानं उभं केलं. सामोअन भाषेतला, सामोअन माणसानं केलेला पहिला पूर्ण लांबीचा कथापट यायला २०११ साल उजाडावं लागलं : तुसी तामासेसेचा 'द ओरेटर'.

बॅरी बार्कले या माओरी दिग्दर्शकानं हा फरक फार सोप्या चित्रात सांगितला आहे. १९८७ चा 'नाती' हा त्याचा कथापट, माओरी दिग्दर्शकानं केलेला पहिला. २००२ साली त्यानं 'चौथा सिनेमा' ही कल्पना मांडली. 'बाउंटी' जहाजावरच्या बंडाची गोष्ट हॉलिवूडनं पुन्हा पुन्हा पडद्यावर आणली. त्यात कॅमेरा असतो जहाजाच्या डेकवर. किनाऱ्यावर उभी असलेली बेटावरची माणसं त्याला दुरून दिसतात. खलाशी बेटावर उतरले की कॅमेराही त्यांच्यासोबत उतरतो, पण तो जहाजाचाच कॅमेरा राहतो. बार्कलेचा प्रश्न असा : कॅमेरा किनाऱ्यावरच्या माणसांच्या हातात असता, तर त्यांनी काय टिपलं असतं?

हे वाचलं तेव्हा मी थोडी खजील झाले. आमचा कॅमेरा होडीत होता, काकांच्या शेजारीच. पण तो डेकवरचाच होता.

बार्कलेच्या विचारात अजून एक गोष्ट आहे, आणि मला ती जास्त महत्त्वाची वाटते. चित्रीकरण म्हणजे ठेवा आहे, आणि ठेव्याला मालक असण्यापेक्षा 'काइतिआकी' असावा, असं तो मांडतो. या माओरी शब्दासाठी आमच्या जुव्यावरचा शब्द चपखल बसतो : राखणदार. मालक वस्तू विकू शकतो, फेकू शकतो. राखणदाराला ते करता येत नाही. त्यानं ती नीट ठेवायची, तिला कोण शिवतंय ते बघायचं, आणि मागच्या-पुढच्या पिढ्यांना उत्तर द्यायचं.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं? दोन उदाहरणं.

१९१९ ते १९२३ या काळात जेम्स मॅकडोनल्ड या सरकारी छायाचित्रकारानं वेलिंग्टनच्या डोमिनियन म्युझियमसाठी माओरी गावांमध्ये फिरून चित्रीकरण केलं. विणकाम, मासेमारीचे सापळे, बोटांवर खेळायचे दोऱ्याचे खेळ. त्यामागची समजूत अशी होती, की ही संस्कृती आता नाहीशी होणार, तर निदान नोंद राहू दे. संस्कृती काही नाहीशी झाली नाही. फिल्म मात्र कपाटात गेली. १९८१ साली न्यूझीलंडमध्ये फिल्म अर्काइव्ह स्थापन झालं. तिथल्या लोकांनी ही रिळं दुरुस्त केली आणि मराएवर नेऊन त्या माणसांच्या वंशजांना दाखवली. पडद्यावर चेहरे आले तशी माणसं त्यांना हाका मारू लागली, रडू लागली. म्युझियमसाठी जो 'विणकाम करणारी स्त्री' असा नमुना होता, ती इथं कुणाची तरी पणजी झाली. नोंद तीच होती, रीळ तेच होतं. फक्त ते योग्य खोलीत पोचलं होतं.

दुसरं उदाहरण मेराटा मिटाच्या 'माना वाका' या १९९० च्या फिल्मचं. १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते पुएआ हेरांगी या माओरी नेत्या स्त्रीनं भल्यामोठ्या झाडांतून कोरलेल्या पारंपरिक युद्धनौका बांधायला घेतल्या. त्या कामाचं चित्रीकरण झालं, पण फिल्म पुरी झाली नाही. ती रिळं जवळपास पन्नास वर्षं पडून होती. मिटा आणि संकलक अ‍ॅनी कॉलिन्स यांच्याकडे त्यांची फिल्म करायचं काम आलं, तेव्हा संकलनाची यंत्रं थेट तूरांगावाएवाए मराएवर नेण्यात आली. ज्यांच्या वडिलांनी-आजोबांनी त्या नौका कोरल्या होत्या, ती माणसं येता-जाता बघू शकत होती. म्हणजे फिल्म पूर्ण करून मग दाखवायला नेली, असं झालं नाही. ती त्यांच्यासमोरच तयार झाली.

आपल्याकडे परवानगीचा विचार शूटिंगपाशी संपतो. माणूस हो म्हणाला, फॉर्मवर सही झाली, विषय मिटला. पण हो म्हणताना त्या माणसाला काय माहीत असतं? त्याच्या पाच दिवसांतली कुठली अकरा मिनिटं उरणार, त्यावर कुठलं संगीत चढणार, त्याच्या कुठल्या वाक्यानंतर कुठलं दृश्य येणार, यातलं काहीही त्याला माहीत नसतं. तो न बघितलेल्या गोष्टीला हो म्हणालेला असतो. ते हो अर्धंच असतं. उरलेलं अर्धं त्याला फिल्म दाखवल्यावर मिळतं, किंवा मिळत नाही. म्हणून त्या माणसांसमोरचा खेळ हा सौजन्याचा भाग नाही. तो फिल्म करण्याच्या कामातलाच भाग आहे, आणि तो झाल्याशिवाय काम अपुरं राहतं, असं मला वाटायला लागलं आहे.

आता यावर जे आक्षेप येतील, ते माझ्याही मनात आले.

पहिला आक्षेप : 'समाज' म्हणजे नेमकं कोण? गावाला विचारा म्हटलं की पुढे येतात ते बहुधा वयानं मोठे पुरुष. मग बाईनं, पोरानं, खालच्या मानलेल्या माणसानं केलेली फिल्म त्यांच्या चाळणीतून कशी जाणार? २०१७ च्या 'वारु' या फिल्मचं उदाहरण बघण्यासारखं आहे. वारु नावाचा लहान मुलगा त्याला सांभाळणाऱ्याच्याच हातून मरतो. त्याच्या मयताभोवती आठ गोष्टी, आठ माओरी दिग्दर्शिकांनी केलेल्या, प्रत्येक गोष्ट दहा मिनिटांच्या एका सलग शॉटमध्ये. घरातली लाज घराबाहेर मांडणारी ही फिल्म. तिच्याआधी सगळ्यांची संमती घ्यायची म्हटली असती, तर ती झाली असती का? म्हणून मला वाटतं, पहिला खेळ आणि पहिला नकाराधिकार या वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्यासमोर आधी दाखवणं म्हणजे तुमच्या तोंडावर बोलणं. तुम्हाला ते आवडेलच असं नाही. पण तुमच्याबद्दल तुमच्या पाठीमागे बोललं गेलं नाही, एवढी खात्री तुम्हाला मिळते. 'वारु'मधल्या बायका बाहेरच्यांना चुगली करत नाहीत. त्या घरातच उभ्या राहून घराला प्रश्न विचारतात.

दुसरा आक्षेप आपल्या जास्त जवळचा. आपल्याकडे 'आमच्या भावना दुखावल्या' म्हणत थिएटरच्या काचा फोडल्या जातात. समाजाचा पहिला हक्क मान्य केला, तर या मंडळींच्या हातात आपण आयतं कोलीत देत नाही का? यावर मी बरेच दिवस अडकले होते. मग एक साधा फरक दिसला. बंदी मागणाऱ्यांनी फिल्म बहुतेक वेळा बघितलेलीच नसते. ट्रेलरवर, अफवेवर, फॉरवर्डवर त्यांचं काम भागतं. राखण करायला मात्र आधी बघावं लागतं. बंदी न बघता घालता येते; राखण न बघता करता येत नाही. मराएवर बसलेला माणूस दीड तास फिल्मसोबत बसतो, मग उठून बोलतो, दिग्दर्शकाला समोरासमोर विचारतो, आणि मग दोघं एकाच पंगतीला जेवतात. काचा फोडणारा यातलं काही करत नाही. आणि अनेकदा फिल्म ज्यांच्याबद्दल आहे, त्यांच्यापैकीही तो नसतो.

तिसरा प्रश्न सगळ्यात अवघड. फ्रेममध्ये असलेल्या प्रत्येकाचा हक्क सारखा का? मिटाच्याच 'पाटू!' या १९८३ च्या माहितीपटाकडे बघा. १९८१ साली वर्णभेदी दक्षिण आफ्रिकेचा रग्बी संघ न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आला आणि देशभर निदर्शनं उसळली. मिटानं ती चित्रित केली. फ्रेममध्ये निदर्शक होते, तसे लाठ्या घेतलेले पोलीसही होते. आणि पोलिसांना ते चित्रीकरण हवंच होतं, निदर्शकांविरुद्ध पुरावा म्हणून. मिटानं ते त्यांच्या हाती लागू दिलं नाही. आता, पोलीसही 'ज्यांच्यावर फिल्म आहे' त्यांच्यातच मोडतात की! मग त्यांना आधी दाखवायला हवं होतं?

नाही. आणि का नाही, याच्या उत्तरात मला माझा मूळ प्रश्न नीट मांडता येतो. फ्रेममध्ये कोण आहे, एवढ्यावर हक्क ठरत नाही. फिल्मची किंमत कुणाला मोजावी लागणार, यावर तो ठरतो. चेहरा ओळखला गेला तर तुरुंगात कोण जाणार? गावाचं हसं झालं तर गावात कोण राहणार? दिग्दर्शक पुढच्या फिल्मकडे वळतो, प्रेक्षक पुढच्या व्हिडिओकडे. जो मागे राहतो, ज्याला त्या प्रतिमेसोबत उरलेलं आयुष्य काढायचं आहे, त्याचा हक्क पहिला.

उरलो आपण. तुम्ही आणि मी, हजारो किलोमीटर लांब, पाच-सहा इंचाच्या पडद्यावर हे सगळं बघणारे. २०१९ ची 'वाइ' नावाची फिल्म आहे. वाइ म्हणजे पाणी. फिजी, टोंगा, सॉलोमन बेटं, कुक बेटं, सामोआ, निउए आणि न्यूझीलंड अशा सात ठिकाणी, पॅसिफिकच्या नऊ दिग्दर्शिकांनी मिळून ती केली. वाइ नावाच्या एका बाईचं सात वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंतचं आयुष्य आठ तुकड्यांत. यातलं एकही बेट मी बघितलेलं नाही, त्यांची भाषा मला येत नाही. तरी ती बघताना मला दोन-तीनदा पॉज करून खिडकीबाहेर बघत बसावं लागलं. मग मी ती बघायला नको होती का? असं मुळीच नाही. दाराबाहेर हाकलण्यासाठी हे सगळं नाही. हाक आली की पाहुण्यानं यावं, एवढंच. मराठीत पाहणारा आणि पाहुणा हे शब्द कानाला सख्खे भाऊ वाटतात. व्युत्पत्ती वेगळी असेल, पण वागणं सारखं असायला हरकत नाही. पाहुणा घरात शिरल्या शिरल्या कपाटं उघडत नाही. वाढलेलं अर्धवट टाकून उठत नाही. आणि त्या घरातल्या बाईच्या रडण्याची पंधरा सेकंदांची रील करून बाहेर वाटत नाही.

आपल्या पिढीला सगळं जग बघायला मिळालं, आणि बघायला मिळतं म्हणजे ते आपल्यासाठीच केलंय, असा एक गैरसमजही सोबत मिळाला. काही गोष्टी आपल्यासाठी केलेल्या नसतात. त्या आपल्याला दिसतात, हे यजमानाचं औदार्य.

हे लिहायला घेण्याआधी मी जुव्यावर फोन लावला. नंबर जुनाच होता. काकांच्या मुलीनं उचलला. काका जाऊन दोन वर्षं झाली. मला माहीत नव्हतं. माहीत असायला कुणाशी तरी बोलणं चालू असावं लागतं. मी चाचरत फिल्मबद्दल सांगितलं, अकरा मिनिटांची आहे म्हटलं, माफीही मागितली. तिनं रागावून बोलावं अशी माझी जवळजवळ इच्छा होती. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, की तुम्ही तर पाच दिवस होतात, मग बाकीचं कुठे आहे? तुम्ही कापलेलं टाकलंत की ठेवलंत?

ठेवलं आहे. एका हार्ड डिस्कवर साडेचार तासांचं चित्रीकरण आहे. त्यात काका बराच वेळ काहीच करत नाहीत. भरतीची वाट बघत बसतात, बिडी ओढतात, कुणाला तरी नावानं हाक मारतात. संकलन करताना आम्ही याला 'डेड फुटेज' म्हणत होतो.

दिवाळीनंतर आम्ही चौघांपैकी तिघं जाणार आहोत. प्रोजेक्टर भाड्यानं मिळतोय, पडद्याऐवजी शाळेची भिंत चालेल असं तिनं सांगितलंय. अकरा मिनिटांची फिल्म दाखवूच. पण आधी ते साडेचार तास लावायचे. कोणी पुढे ढकला म्हटलं तर ढकलायचे, कोणी मागे घ्या म्हटलं तर मागे घ्यायचे. आणि शेवटी डिस्क तिथंच ठेवून यायची.